तक्रारवही, १९९१ आणि न सापडलेला प्रबंध

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य आपोआप हातातून उतरतं : या विषयावर मराठीत आजवर संशोधन झालेलं नाही. मीही लिहिलं होतं. तुम्ही पेट देऊन विषय शोधत असाल, गाइडच्या केबिनबाहेर ताटकळत असाल, तर तुमच्याही फाइलमध्ये ते असेल, नाहीतर महिन्याभरात येईल. याला पुरावा काय असं कुणी विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं. "शोधून पाहिलं, काही आलं नाही."

आज मला या 'काही आलं नाही'चा इतिहास सांगायचा आहे. तो मला अभिलेखागारात सापडला नाही. ग्रंथालयातल्या संगणक कक्षाच्या तक्रारवहीत सापडला.

एम.ए.ला असताना 'कमवा आणि शिका'मध्ये माझी ड्युटी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या संगणक कक्षात लागली. संध्याकाळी पाच ते आठ. पुढे पीएच.डी.ला आले तरी ती खुर्ची सुटली नाही, आठवड्यातून दोन दिवस अजूनही बसते. काम म्हटलं तर काहीच नाही आणि म्हटलं तर सगळंच. प्रिंटरमध्ये कागद अडकला. वाय-फायचा पासवर्ड विसरला. पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. वर्डमध्ये पानांचे क्रमांक पहिल्या प्रकरणापासून सुरू करायचेत. फॉर्मवर फोटो चढत नाही, कारण साइज जास्त आहे. प्रत्येक जण येतो तो घाईत आणि थोडा ओशाळलेला. "ताई, एक छोटासा प्रॉब्लेम आहे" अशी सुरुवात झाली की मी समजते, तासभर गेला.

टेबलावर दोरीनं बांधलेलं पेन आणि एक लांबट वही असते. रकाने पाच : तारीख, नाव, विभाग, तक्रार, काय केलं. भरलेल्या वह्या कपाटाच्या खालच्या खणात, टोनरच्या रिकाम्या डब्यांमागे ठेवलेल्या. एके दिवशी सर्व्हर बंद होता, करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या काढून चाळत बसले. आपण इतिहासवाले, जुन्या वहीला हात लागला की ती दफ्तर वाटायला लागते. सुरुवातीच्या पानांवर 'फ्लॉपी रीड होत नाही', पुढे 'सीडी कट होत नाही', मग पेनड्राइव्ह आणि व्हायरस, मग 'मोबाइलवरून प्रिंट'. यंत्रं बदलत गेली तशा तक्रारीही बदलत गेल्या. एक तक्रार मात्र पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत तशीच होती : मराठी दिसत नाही. कधी 'मराठी बिघडली', कधी 'फॉन्ट उडाला', एकदा तर नुसतं 'मराठी गेली'.

नीट वाचलं तेव्हा कळलं की ही एक तक्रार नाही. काहींनी लिहिलं होतं, अक्षरांच्या जागी चौकोन येतात. काहींनी, वेलांटी सुटून वेगळीच उभी राहते, मध्येच ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसतं. आणि काहींनी, मराठीच्या जागी इंग्रजी कचरा येतो. डॉक्टर ताप कुठला ते लक्षणांवरून ओळखतो, तसं या तीन लक्षणांवरून फाइल कुठल्या काळात, कुठल्या पद्धतीनं बनली ते सांगता येतं. हे मला आज येतं. तेव्हा येत नव्हतं, आणि त्याची किंमत दुसरीनंच मोजली.

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात शिकवणारी एक मुलगी आमच्याकडे पीएच.डी.साठी आली होती. विषयाचा तपशील थोडा बदलून सांगते : एका भागातल्या हातमागाचा ऱ्हास. रजा टाकून, रात्रीच्या एस.टी.नं यायची आणि दोन दिवस ग्रंथालयात बसून परत जायची. तिला कॅटलॉगमध्ये शोधायला मी मदत केली. तिनं सांगितलेले शब्द मीच टाईप केले, एकदाच टाईप केले, आणि पडद्यावर शून्य आल्यावर म्हणाले, "काही नाही गं, मोकळं रान आहे तुला." तिनं ते वाक्य लिहिलं. पाच महिने त्या वाक्यावर विषय उभा केला. मान्यता समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी ती शेवटचं काही पाहायला आली होती. रॅकवर पुस्तकं लावणारे आमचे काका तिथून जात होते, त्यांनी सहज तिच्या फाइलवरचं नाव वाचलं. "हातमाग? मॅडम, हा प्रबंध आहे की आपल्याकडे. वर, तिसऱ्या कपाटात, लाल बाइंडिंग."

होता. चारशेच्या वर पानं. तिचाच भाग, बराचसा तिचाच काळ. काकांनी तो दहा मिनिटांत खाली आणला. मी संगणकावर बसून जे पाच महिन्यांपूर्वी 'नाही' म्हणून सांगितलं होतं, ते डोक्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर होतं.

तिच्या चेहऱ्याबद्दल लिहीत नाही. त्या रात्री मी मात्र शोधत बसले की हे झालं कसं. उत्तर एका अक्षरात होतं.

'ऱ्हास' हा शब्द पाहा. सुरुवातीला तो जो खास मराठी अर्धा र आहे, तो संगणकात दोन रस्त्यांनी येतो. एक रस्ता असा : ऱ, म्हणजे खाली नुक्ता असलेला र, आणि त्याला हलन्त. दुसरा असा : साधा र, हलन्त आणि मागोमाग एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. तिसरा रस्ता चुकीचा पण अत्यंत लोकप्रिय आहे : साधा र, हलन्त, ह. त्याचा रफार होतो आणि 'र्हास' असं काहीतरी दिसतं. मी टाईप केला होता पहिला. आमच्या कॅटलॉगमध्ये, जुन्या सॉफ्टवेअरमधून नवीनमध्ये नोंदी आणताना, बसला होता तिसरा. यंत्रानं इमानदारीत सांगितलं की तू विचारलेला शब्द माझ्याकडे नाही. मी त्याचा अर्थ लावला, असा विषयच नाही.

आता मागे जाऊ या. किती मागे? मी म्हणेन १९९१ पर्यंत, कारण त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या आणि तिन्हींचा तुमच्या सिनॉप्सिसशी संबंध आहे.

पहिली : भारतीय मानक ब्यूरोनं आयएस १३१९४ हे मानक काढलं. यालाच इस्की म्हणतात. मागची कहाणी आयआयटी कानपूरची. तिथे भारतीय लिपी संगणकावर आणण्याचं काम चाललं होतं, त्यातून 'जिस्ट' हे तंत्र निघालं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. तेव्हाच्या डॉसवाल्या संगणकाला देवनागरी जोडाक्षरं काढता येत नसत, म्हणून जिस्टचं एक कार्डच आत बसवावं लागे. इस्कीचा विचार मात्र फार नेमका होता : संगणकात अक्षराचं चित्र साठवायचं नाही, उच्चाराच्या क्रमानं वर्ण साठवायचे आणि चित्र नंतर काढायचं. सगळ्या ब्राह्मी कुळातल्या लिप्यांना एकच तक्ता. त्याच मानकात इनस्क्रिप्ट कीबोर्डही होता, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं.

दुसरी : ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या रूपावरच बेतलेला होता. म्हणजे जगभरच्या मानकात आपली लिपी पहिल्याच दिवसापासून होती.

तिसरी : विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांची ग्रंथालयं एकमेकांना जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, इन्फ्लिबनेट. आज त्याचं केंद्र गांधीनगरला आहे, पण सुरुवातीला तो प्रकल्प पुण्याच्या आयुकाच्या छत्राखाली होता. १९९६ मध्ये तो स्वतंत्र झाला.

म्हणजे १९९१ मध्ये भारतीय मानक होतं, जागतिक मानक होतं आणि ग्रंथालयं जोडण्याची संस्थाही होती. मग त्यानंतरची वीसेक वर्षं मराठी प्रबंध ज्या फॉन्टांत टाईप झाले, ते या तिन्हींना न जुमानणारे कसे?

याचं सोपं उत्तर लोक देतात, की डीटीपीवाल्यांना कळत नव्हतं. मला ते पटत नाही. आमच्या ग्रंथालयातले जुने प्रबंध काढून फक्त ऋणनिर्देशाचं पान वाचत जा. मी दोन दुपारी हेच केलं. (साधनग्रंथ म्हणून ऋणनिर्देशाकडे कुणी बघत नाही, ही आपली चूक आहे. कोण कुणाच्या घरी राहिलं, कुणी कागदपत्रं दिली, कुणाच्या बायकोनं मुद्रितं तपासली, सगळं तिथे असतं.) जुन्या प्रबंधांत शेवटच्या परिच्छेदात आभार असतात 'सुबक टंकलेखनाबद्दल'. पुढे 'संगणकीय अक्षरजुळणीबद्दल' असं होतं. त्याच्या पुढे सरळ 'डी.टी.पी.बद्दल'. टंकलेखनाच्या काळातल्या प्रबंधांत मशीनला न जमलेली जोडाक्षरं शाईनं हातानं पुरी केलेली दिसतात. संशोधकाला काय हवं होतं? चार-पाच प्रती, स्वच्छ छपाई, कापडी बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. संगणक आला तो सुधारलेलं टाईपरायटर म्हणून आला. कागदावर मराठी नीट उमटली की काम झालं.

आणि ते काम इस्कीपेक्षा दुसऱ्याच एका युक्तीनं स्वस्तात, पटकन व्हायचं. विंडोजवर इंग्रजी अक्षरांसाठी ज्या जागा होत्या, त्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. काना, मात्रा, अर्धा म, रफार, सगळ्यांना एकेक इंग्रजी घर. संगणक समजतो इंग्रजी चाललंय, माणसाला दिसतं मराठी. कृतिदेव फॉन्टमध्ये तुम्ही 'मराठी' लिहिलंत तर फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतं ई, जे, के, मोठा बी आणि एच. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएममधले योगेश-सुरेखसारखे फॉन्ट, प्रत्येकाची घरं वेगळी. एका कंपनीची फाइल दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की भलतंच. फॉन्टच नसेल तर उरतो तो इंग्रजी कचरा, वहीतलं तिसरं लक्षण. वर्डला हे सगळं चुकीचं इंग्रजी वाटायचं, म्हणून पानभर लाल रेघा. वाक्याचं पहिलं अक्षर वर्डनं आपणहून कॅपिटल केलं की मराठी अक्षरच बदलून जायचं. जुन्या ऑपरेटरांचा पहिला नियम असे, ऑटोकरेक्ट आधी बंद करा.

युनिकोड १९९१ मध्ये आलं खरं, पण ते कागदावर. विंडोजनं देवनागरी युनिकोड चालवायला सुरुवात केली ती विंडोज २०००पासून, मंगल फॉन्टसकट. त्यानंतरच्या एक्सपीमध्येही ती सोय मुळात झोपलेलीच असे. कंट्रोल पॅनेलमधल्या भाषेच्या पर्यायांत जाऊन एक खूण करायची, की तो एक्सपीची सीडी मागायचा. ती सीडी असायची ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. आमच्या वहीत 'सीडी उपलब्ध नाही' हा शेरा इतक्यांदा आहे की मला आधी वाटलं गाण्यांच्या सीडीबद्दल आहे. ज्या मशीनवर ही खूण झालेली नसे, तिथे युनिकोड मराठीच्या वेलांट्या सुटत, वर्तुळं दिसत. फॉन्टही नसला तर नुसते चौकोन. पहिली दोन लक्षणं ही इथली. नवीन पद्धत बरोबर होती, पण ती चालवायला लागणारी सीडी कपाटात होती. जुनी पद्धत चुकीची होती आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पानाला ठरलेल्या भावात मिळत होती. त्यात दुकानं चालायची पेजमेकरवर, आणि पेजमेकरला शेवटपर्यंत युनिकोड आलं नाही. मग डीटीपीवाल्या दादांनी काय करायला हवं होतं, सांगा बरं.

२००९ मध्ये प्रश्नच बदलला. आयोगाच्या एम.फिल. आणि पीएच.डी.च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, आणि त्या प्रती ठेवण्यासाठी इन्फ्लिबनेटनं शोधगंगा उभारली. कागदासाठी बनलेला प्रबंध आता शोधण्यासाठी हवा होता. दुकानदारानं तीच पेजमेकरची फाइल पीडीएफ करून सीडीत भरून दिली. डोळ्यांना ती उत्तम दिसते. पण पीडीएफ मुळात अक्षरांची चित्रं जागच्या जागी बसवते. आतला मजकूर निवडून कॉपी करून पाहा, ई-जे-के-बी-एच. त्याहून जुने प्रबंध स्कॅन करून चढवले गेले, त्यांत तर अक्षर नाहीच, पानाचा फोटो आहे. वर शीर्षकांचं वेगळंच : कुठे देवनागरीत, कुठे रोमन अक्षरांत आणि तेही प्रत्येकाच्या मनाच्या स्पेलिंगनं, कुठे सरळ इंग्रजी भाषांतर करून. ते भरतं ज्या-त्या विद्यापीठातलं माणूस, त्याला जसं जमेल तसं.

या बदलाचा एक गमतीदार बळी सांगते. वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम २०१८ मध्ये आले, साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. आमच्याकडे एक जण शून्य टक्क्यांचा रिपोर्ट घेऊन पेढे वाटायच्या बेतात होता. त्याचा प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये होता. सॉफ्टवेअरला त्यातला एकही शब्द वाचता आला नव्हता. जगात असला कचरा दुसरीकडे कुठेच नव्हता, म्हणून साम्य शून्य. त्याला ते समजावून सांगणं हे माझ्या ड्युटीतलं सगळ्यात वाईट काम होतं.

मग सुरू होतं कन्व्हर्जन, आणि इथे पुन्हा टाईपरायटर आडवा येतो. टाईपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि व्यंजन नंतर, कारण गाडी एकाच दिशेनं सरकते. रफार मात्र अक्षराच्या नंतर. जुन्या फॉन्टांनी हीच दिसण्याची ओळ पुढे चालवली. युनिकोडमध्ये ओळ उच्चाराची : 'धर्म'मध्ये ध, मग र आणि हलन्त, मग म. त्यामुळे कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. साध्या शब्दांत जमतं. 'स्थितिस्थापकत्व' आलं की वेलांटी कुणाच्या डोक्यावर बसेल सांगता येत नाही. आणि 'ऱ्य', 'ऱ्ह'? ते तर हमखास बिघडतात. शेतकऱ्यांचा, कारागिरांच्या ऱ्हासाचा, दऱ्याखोऱ्यांचा, वाऱ्यापावसाचा असा जो आपला इतिहास आहे, त्यातले नेमके हेच शब्द.

ॲ-चंही तेच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधी लोक अ-ला वर अर्धचंद्र देऊन काम भागवत, आजही कित्येक कीबोर्ड तेच करतात. म्हणजे 'ॲडव्होकेट' आणि 'अ‍ॅडव्होकेट' दिसायला सारखे असले तरी शोधायला दोन आहेत. वकिलांच्या इतिहासावर काम करणाऱ्यानं हे विसरून चालायचं नाही.

एवढं सगळं कळल्यावर मी कक्षात काय बदललं, ते सांगते. कुणी "काही आलं नाही" म्हणत आलं की मी आधी विचारते, काय टाईप केलंस, कुठल्या कीबोर्डनं? मग ऱ्य आणि ॲ असलेले शब्द वगळून शोधायला लावते. 'ऱ्हास' सोडा, 'हातमाग' टाका. 'शेतकऱ्यांचे' सोडा, 'शेतकर' एवढंच टाका, शोध अर्धवट शब्दाला परवानगी देत असेल तर. मग तोच शब्द रोमन अक्षरांत तीन-चार स्पेलिंगनी. मग विषयाचं इंग्रजी नाव. मग विषय सोडून गाइडचं नाव, कारण एका गाइडकडे एका घराण्याचे विषय होतात, आणि विशेषनामं त्यामानानं नीट नोंदलेली असतात. पीडीएफ मिळाली की आत शोधण्याआधी एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायची. मराठी आली तर पुढे, कचरा आला तर त्या फाइलमध्ये शोधून उपयोग नाही, अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचायची. स्कॅन असेल तर ओसीआर करून बघायचं. टेसरॅक्ट मोफत आहे आणि मराठी वाचतं. चुका करतं, पण कुठल्या पानावर थांबायचं तेवढं सांगतं. जुना प्रबंध कन्व्हर्ट करून घेतला असेल, तर मूळ फाइल फेकायची नाही. आणि स्वतःचा प्रबंध पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये. 'आत्ता दुकानातून करून घेते, नंतर बदलू' असं म्हणणाऱ्यांना मी तो शून्य टक्क्यांचा किस्सा सांगते.

हे सगळं करूनही मग वर जायचं, प्रबंधांच्या कपाटांपाशी, आणि काकांना विचारायचं. हे मी गमतीनं म्हणत नाही. ग्रंथालयशास्त्रात याला संदर्भसेवा म्हणतात, आणि १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या रंगनाथनांनी आयुष्यभर तिच्यावर भर दिला : वाचकाला नेमका ग्रंथ माणसानं भेटवून द्यायचा. आमचे काका पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. कुठला प्रबंध कुठल्या रंगाच्या बाइंडिंगमध्ये आहे ते त्यांच्या डोक्यात आहे आणि त्याची नोंद कुठेच नाही. सध्या मी त्यांच्याबरोबर एकेका कपाटासमोर उभी राहून ती वहीत उतरवतेय. दोन कपाटं झाली.

एक गोष्ट मनात येते ती बोलून टाकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं 'एक देश, एक सदस्यता' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, जगातल्या तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं. चांगलंच आहे, मीही वापरते. पण आपल्याच विद्यापीठांतल्या मराठी प्रबंधांची शीर्षकं एका पद्धतीनं लिहून काढायला यातला किती अंश लागेल, असा हिशोब मी दरवेळी मनात करते.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी समितीपुढे गेली नाही, पुढची तारीख मागून घेतली. त्यात एक सत्र गेलं, रजा गेली, आणि ते माझ्या एकदा टाईप करण्यामुळे गेलं. तिनं तो लाल प्रबंध पूर्ण वाचला. त्यात मागांची संख्या होती, सूत गिरण्यांचे भाव होते, सहकारी संस्थांचे अहवाल होते. मागावर कांड्या भरून देणाऱ्या बायका मात्र एका तळटीपेत होत्या. तिनं त्याच घेतल्या. नव्या सिनॉप्सिसमध्ये ते जुनं वाक्य नाही. त्या जागी दीड पान आहे, त्या प्रबंधाबद्दलचं, कुठे बरोबर आहे आणि कुठे थांबला आहे ते.

प्रबंध परत करायला आली तेव्हा तिनं मला ऋणनिर्देशाचं पान दाखवलं. शेवटची ओळ अक्षरजुळणी करणाऱ्याबद्दल होती, त्याचं नाव आणि दुकानाचं नाव, तिच्याच तालुक्याच्या गावातलं. "दुकान अजून आहे ताई," ती म्हणाली, "आता झेरॉक्स आणि आधार कार्डाचं काम करतात. जुन्या फाइली ठेवल्यात का, विचारून येते." मी वही ओढली, तारीख टाकली आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'प्रबंध सापडत नव्हता.' शेवटचा रकाना अजून रिकामा आहे. ती दिवाळीनंतर येणार आहे.